उजवीकडून उघडणारं पुस्तक

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद मागाहून देतो, आधी भांडून घेतो.

तुझं ते चारशे पानांचं जपानी चित्रांचं पुस्तक बांधून झालं. उद्या सकाळच्या बसनं मिशाळ ड्रायव्हरच्या हाती पाठवतो. माझ्याकडे आलं तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती. कणा मोडलेला, पानं सुटलेली, कोपरे दुमडून दुमडून गोल झालेले. वाचनालयातलं पुस्तक इतकं झिजतं ते एक तर परीक्षेला लावलंय म्हणून, नाही तर कुणी जीव लावलाय म्हणून. हे परीक्षेला नसणार.

पण ज्यानं ते मुळात बांधलं त्याचे कान उपटायला हवेत. त्या शहाण्यानं मुखपृष्ठ चक्क मागच्या बाजूला लावलं होतं! पानांवर आकडेही नाहीत. बावन्न वर्षं मी जिल्दी बांधतोय, असला आंधळा कारभार पाहिला नाही. मी पुठ्ठे सोडवले आणि मुखपृष्ठ जिथं असायला हवं तिथं, पुढे बसवलं. पहिलंच पान जाड काळ्या अक्षरांत 'थांबा!' म्हणून ओरडत होतं. ओरडते ती जाहिरात. न वाचताच अस्तराच्या कागदाखाली चिकटवून टाकली. सोळा टाके, दुहेरी दोरा. आता तुझ्या नातवंडांपर्यंत हलणार नाही.

तुला माझा नियम ठाऊक आहे, बांधायला आलेलं पुस्तक मी वाचत नाही. आचाऱ्यानं चाखत बसलं तर पंगत उपाशी राहते. पण खळ वाळेपर्यंत हात रिकामे होते, आणि पहिल्याच चित्रात पाच मुली कालव्याच्या काठावर पाण्यात पाय सोडून हसत होत्या. मधल्या मुलीचं हसू असं, की मला माझं पाचवीचं वर्ष आठवलं. फसलो.

काय गं ही गोष्ट! त्या पोरीचं एकेक करून सगळं काढून घेतात. मैत्रिणी तिला आपापलं नाव सांगतात, आणि पान उलटलं की ओळखच दाखवत नाहीत. थोरली बहीण प्रेमानं केस विंचरायला शिकवते, त्यानंतर सबंध पुस्तकभर हिचे केस पिंजारलेले. माणसं आधी उत्तर देतात आणि मागून प्रश्न विचारतात, ती तिकडची रीत असेल. शेवटी ती आरशात बघून किंचाळते, आणि अखेरच्या चित्रात तिच्या जागी एक मुलगा. खाटेवर एकटा. एक खिडकी, एक भिंत. संपलं!

आणि पुठ्ठ्यावर छापलंय, 'हलकीफुलकी गोष्ट'. हलकीफुलकी? एका हसत्या पोरीचा मुलगा करून तिला भिंतीकडे बघत बसवलं, तिला कुणी विचारलं नाही, एक माणूस मध्ये पडला नाही, आणि आपण हसायचं? मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दर पुस्तकाबरोबर तुझ्या वाचनालयाच्या समितीला बांधणीची चिठ्ठी जाते, तशी आजच्या टपालानं गेली आहे. त्यात टाके आणि दोरा लिहून झाल्यावर खाली स्पष्ट लिहिलंय, की असलं निर्दय पुस्तक पोरांच्या हाती देऊ नये.

आता आशीर्वाद.

तुझा
मामाआजोबा

◆

९ फेब्रुवारी

ती. मामाआजोबांना,

नमस्कार पत्राच्या शेवटी आहे, तोवर राग उरला नाही तर.

काय केलंत हे? पुस्तक अजून पोचलेलं नाही, तुमची चिठ्ठी मात्र पोचली. अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या दंतवैद्यांनी, ती वाचनालयात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तीनदा. "बघा बाई, मी म्हणत होतो ना? आता तुमच्या घरचं माणूस म्हणतंय. निर्दय! शब्द बघा, निर्दय!" मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही वाचलंय का पुस्तक?" तर म्हणतात, "किडलेला दात ओळखायला चावून बघावं लागत नाही."

सव्वीस तारखेला समितीची बैठक आहे. विषय एकच. हे पुस्तक काढायचं, आणि त्याच्या निमित्तानं चित्रकथांचं सबंध कपाट. चाळीस पुस्तकं. तीन वर्षं एकेक पुस्तक मागून, भांडून, हातापाया पडून जमवलंय ते. शनिवारी दुपारी त्या कपाटापाशी फरशीवर मुली पालथ्या पडून वाचतात. आधी वाचनालयात पेपर चाळणारे चार म्हातारे आणि एक पंखा, एवढेच यायचे. पंखा जास्त बोलायचा.

आणि तुम्हाला ते निर्दय वाटलं? त्यात काही घडतच नाही, हीच त्याची गंमत. एका मुलाची एका सकाळी मुलगी होते, बस. आभाळ कोसळत नाही. बहीण म्हणते, "बरं झालं, माझे मोजे तुला होतील." मग त्या दोघी मिळून बाजारात जातात, वेणी घालतात, वेणी सुटते, पुन्हा घालतात. कुणी कुणाला शिक्षा करत नाही, कुणी धडा शिकवत नाही. आपला मिशाळ ते सात वेळा घेऊन गेलाय. विचारलं तर म्हणाला, "ताई, दिवसभर माझ्यामागे हॉर्न वाजतात. ह्या पुस्तकात कुणी कुणावर ओरडत नाही."

मला वाटलं होतं, तुम्हाला कळेल. घरात मला कुणी "मुलीच्या जातीनं असं बसू नये" म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "बसू दे, खुर्ची तक्रार करत नाही." ते मामाआजोबा कुठे गेले? मुलाची मुलगी झाली म्हटल्यावर तुम्हीही इतर म्हाताऱ्यांसारखे कानांवर हात ठेवलेत.

नमस्कार. अजून राग आहे, पण नमस्कार.

भिंगरी

◆

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचून चष्मा काढून ठेवला आणि मनात तुला चार शब्द ऐकवले. आता चष्मा लावून लिहितो.

आधी हे की पुस्तक तू वाचलेलंच नाहीस. मुलाची मुलगी कुठे होते? मुलीचा मुलगा होतो! या म्हाताऱ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुझा ड्रायव्हर सात वेळा वाचून काय समजला देव जाणे. आणि माझं पार्सल त्याच्याकडे इतके दिवस काय करतंय, तेही विचार त्याला.

दुसरं, आणि हे नीट वाच. मी कानांवर हात ठेवले म्हणतेस? मी? अगं, मुलाची मुलगी झाली असती तर मला कशाला वाईट वाटलं असतं! मला राग आला तो हिसकावून घेण्याचा. मला विचार.

आमची मुलांची शाळा. पाचवीच्या पुस्तकात नदी आणि डोंगराची संवाद-कविता होती. तपासणीला मोठे साहेब यायचे होते, म्हणून मास्तरांनी ती दोघांकडून म्हणवून घ्यायचं ठरवलं. डोंगर पुष्कळ मिळाले, नदी व्हायला कुणी तयार होईना. मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. घरी येऊन मी रडलो. तुझी आजी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिनं आपला निळा झगा काढला, माझ्या अंगावर चढवला, मला गरकन फिरवलं आणि म्हणाली, "घेर बघ. नदी आहेस ना? मग फिर."

उभा राहुनी काय मिळाले, सांग मला रे गिरिराया?
वाहत वाहत मीच निघाले सागरास त्या भेटाया.

साहेब खूश झाले. मग दुसऱ्या शाळेत, तिथून तिसऱ्या. वर्षभर मी नदी होतो. दर वेळी आजी केस विंचरून द्यायची. ती आणि तिच्या मैत्रिणी मला आपल्यात बसवून घ्यायच्या. शाळेची पोरं "नदीबाई, नदीबाई" म्हणून चिडवायची, पण चिडवतानाही माझ्या बाजूच्या बाकावर बसायला भांडायची.

सहावीत आवाज फुटला. मास्तर म्हणाले, "तू आता डोंगर." डोंगराला दोनच ओळी होत्या, बाकी वेळ छाती काढून उभं राहायचं. झगा आजीलाही आखूड झाला होता. आईनं तो फाडून टेबल पुसायला घेतला.

असो. जुनी गोष्ट.

तिसरं असं, की दात उपटणाऱ्याला माझं पत्र तीनदा वाचण्याची परवानगी मी दिलेली नाही.

मामाआजोबा

◆

१७ फेब्रुवारी

ती. मामाआजोबा,

काल दुपारी मिशाळ वाचनालयात आला तो बस उभी करून, प्रवासी तसेच बसवून. मिशा थरथरत होत्या. पार्सल माझ्यासमोर आपटलं. "ताई, मी चुकलो, आधी उघडून वाचायला घेतलं. पण हे काय केलं त्या काकांनी? पोरगी शेवटाला पोरगा झाली की! एकटी पडली की! मी दहा दिवस मुक्कामाच्या ठिकाणी डोकं धरून बसतोय!"

मी पुस्तक उघडलं आणि मला एकदम सगळं कळलं. आधी हसू फुटलं. मग तुमचं तेरा तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं, तेव्हा हसू गेलं.

मामाआजोबा, जपानी पुस्तकं उजवीकडून उघडतात. कणा उजव्या हाताला, पानं डावीकडून उजवीकडे उलटायची. आपल्या भाषेत आणली तरी चित्रं तशीच ठेवतात. मुखपृष्ठ चुकीच्या बाजूला नव्हतंच. तुम्ही सबंध गोष्ट शेवटापासून सुरुवातीपर्यंत वाचलीत. खाटेवर बसलेला एकटा मुलगा, ती सुरुवात आहे. कालव्यावर हसणाऱ्या पाच मुली, तो शेवट. आणि तुम्ही अस्तराखाली चिकटवलेली ती ओरडणारी 'जाहिरात' म्हणजे, 'थांबा! तुम्ही चुकीच्या बाजूनं वाचताय.' तुमच्यासारख्यांसाठीच असते ती.

पण समितीपुढे तुमची चिठ्ठी आहे. तिच्यावर तुमची सही आहे, आणि बावन्न वर्षांची तुमची सही या गावात दंतवैद्यांपेक्षा मोठी आहे. मी खरं काय ते सांगायला गेले. म्हणाले, "बाई, नात आजोबांना सावरून घेणारच. त्यांना स्वतःला लिहू द्या की मी पुस्तक उलटं बांधलं." आणि खुर्चीत मागे रेलून हसले. तुम्ही तसं लिहिणार नाही, याची त्यांना खात्री आहे.

तुम्हीच लिहायला हवं. सव्वीसच्या आत.

भिंगरी

◆

२० फेब्रुवारी

चि. भिंगरी,

नाही.

माझ्या हातून गेलेलं एक पुस्तक आजवर परत आलेलं नाही. धर्मग्रंथ बांधले, कोर्टाची बाडं बांधली, एका गवयाची वही बांधली ज्यात पानं कुठली आणि पापड कुठले ते कळत नव्हतं. कुणी म्हटलं नाही की पान इकडचं तिकडे झालं. आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी त्या दातवाल्याला लिहून देऊ, की मला पुस्तकाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली ते कळत नाही? उद्या तो ते चौकटीत घालून दवाखान्यात लावेल.

माफी मागायची असेल तर उजवीकडून पुस्तकं उघडणाऱ्यांनी मागावी. सगळ्या गाड्या एका बाजूनं चालल्या असताना यांना दुसऱ्या बाजूनं चालायचं!

तुझं कपाट जाणार याचं मला वाईट वाटतं. पण मला याहून अधिक मागू नकोस.

मामाआजोबा

◆

२२ फेब्रुवारी

मामाआजोबा,

मागत नाही.

पुस्तक मिशाळबरोबर परत पाठवतेय. बांधून घ्यायला नव्हे, बांधणी आहे तशीच राहू दे. फक्त एकदा दुसऱ्या बाजूनं वाचा. प्रत्येक पानावर उजवीकडचं वरचं चित्र आधी, मग डावीकडचं. तेवढंच.

भिंगरी

◆

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

काल सकाळी अंगणातल्या खुर्चीत बसलो आणि पुस्तक मागून उघडलं. पहिल्या प्रथम उजवा हात ऐकेना. जन्मभराची सवय, तो पुन्हा पुन्हा डावीकडे धावे. त्याला मांडीखाली दाबून ठेवला आणि डाव्या हातानं वाचलं.

खाटेवर एकटा मुलगा. एक खिडकी, एक भिंत. तेच चित्र, ज्यानं माझं जेवण घालवलं होतं. पण या वेळी त्याच्यापुढे पान होतं. मी ते उलटलं. तो किंचाळला, आणि बहीण दार उघडून म्हणाली, "बरं झालं, माझे मोजे तुला होतील."

भिंगरे, मी पुस्तक मिटून आत गेलो, पाणी प्यालो, बाहेर आलो. तुझ्या आजीनं अगदी तसंच दार उघडलं असतं गं.

मग सगळं मिळत गेलं. पिंजारलेले केस आधी, विंचरणं मागून. अनोळखी मुली आधी, नावं मागून. प्रश्न आधी आणि उत्तर मागून, त्याचंही बरं वाटलं. कुणी काही हिसकावलं नाही. तू म्हणतेस तसं काही घडतच नाही, नुसतं थोडं थोडं करून सापडत जातं. आणि शेवटी कालवा, पाण्यात पाय, आणि ते हसू. मी ते चित्र पाहिलं तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. मी पाय तसेच पसरून ठेवले.

मग मला भयंकर राग आला. दातवाल्याचा नव्हे, माझा. सत्तर वर्षं मी माझीच गोष्ट त्या बाजूनं वाचत आलो. आधी नदी, मग डोंगर, मग भिंत. दुसरीकडूनही पुस्तक उघडता येतं हे कुणी सांगितलं नाही. आणि जे पान सांगायला आलं होतं, त्यालाच मी खळ लावून गाडलं.

पुस्तक कालच उसवलं आणि रात्र होण्याआधी पुन्हा शिवलं. कणा आता उजव्या हाताला आहे. अस्तर ओलं करून ते ओरडणारं पान सोडवलं. एक कोपरा फाटला, जोडला. मिशाळबरोबर पुस्तक आणि खालचा कागद पाठवतोय. कागद तुझ्या हातानं देऊ नकोस. मिशाळला म्हणावं, बस वाचनालयासमोर उभी करून स्वतः आत जाऊन दे. प्रवासी बसू देत, त्यांना सवय झाली असेल.

मामाआजोबा

वाचनालय समितीस,

पाच तारखेला बांधून पाठवलेलं चित्रकथेचं पुस्तक मी उलट्या बाजूनं बांधलं होतं आणि उलट्या बाजूनं वाचलं होतं. चूक संपूर्ण माझी. पुस्तकात ती चूक होऊ नये म्हणून सूचनाही छापलेली होती, ती मी न वाचता चिकटवून टाकली. बावन्न वर्षांत ही माझी पहिली चुकीची बांधणी. निदान पहिली पकडलेली. समितीला शंका असल्यास मी आजवर बांधलेली सगळी पुस्तकं तपासून घ्यावीत. त्या निमित्तानं काही सभासदांकडून ती प्रथमच उघडली जातील.

माझा आधीचा शेरा मी मागे घेतो. पुस्तक निर्दय नाही. मी इतकं दयाळू पुस्तक फार थोड्या वेळा शिवलं आहे. ते मुलांच्या हाती द्यावं. म्हाताऱ्यांच्याही द्यावं, पण त्यांना बाजू दाखवून.

टाके सोळा, दोरा दुहेरी, कणा उजवीकडे.

जिल्दवाला

◆

२७ फेब्रुवारी

ती. मामाआजोबा,

साष्टांग नमस्कार, आणि तो पहिल्या ओळीत.

कपाट राहिलं. चार विरुद्ध तीन.

दंतवैद्यांनी तुमचा कागद मनातल्या मनात वाचला आणि घडी घालून खिशात टाकायला लागले. तेवढ्यात मिशाळ दारातून म्हणाला, "डॉक्टर, पहिला तीनदा वाचलात म्हणे. हा एकदा तरी मोठ्यानं होऊ द्या." बाहेरून प्रवाशांनी आवाज दिला, "होऊ द्या, आम्ही पण थांबलोय!" मग वाचावा लागला. 'काही सभासद' आलं तेव्हा ते अडखळले, आणि पेपर चाळणारे चारही म्हातारे पेपरामागे हलत होते.

तरी त्यांनी अट घातलीच. उजवीकडून उघडणारी पुस्तकं वेगळ्या खणात ठेवायची आणि त्यावर पाटी लावायची, 'सावधान'. सावधान! जणू कुत्रा बांधलाय. मला इतका संताप आला की मी पाटी लिहिली आणि खणाच्या आतल्या बाजूला लावली. ज्यानं पुस्तक काढलं त्यालाच ती दिसते. मुलींना फार आवडली.

आणि एक विचारायचं होतं. नव्या कण्यावर ती निळी कापडी पट्टी आहे, जुनी, मऊसूत, धुवट रंगाची. दुकानातली वाटत नाही. कुठून आणलीत?

भिंगरी

◆

३ मार्च

चि. भिंगरी,

टेबल पुसून झिजलेल्या फडक्यातून मी तेव्हा वीतभर तुकडा चोरला होता. त्यात पाचवीचं कवितांचं पुस्तक बांधलं, ती माझी पहिली जिल्द. त्या दिवशी तिथून पट्टी काढली. कविता मला पाठ आहेत, त्यांना आता साध्या कागदावर भागेल.

'सावधान'बद्दल समितीला खरमरीत पत्र लिहितो आहे, तीन पानं झालीत.

तुझ्या ड्रायव्हरवर मात्र मी भयंकर चिडलो आहे. काल पार्सल न्यायला आला आणि खुर्ची ओढून बसला. मी त्याला कविता सांगितली. म्हटलं, डोंगराला दोनच ओळी आहेत, त्या तू म्हण. एवढ्या मोठ्या मिशा, एवढी छाती, आणि दोन ओळी येईनात! पहिली म्हणतो, दुसरीला अडतो, वर मलाच म्हणतो, "काका, मी नदी होऊ का?"

मी स्पष्ट सांगितलं, ती जागा भरलेली आहे.

दर मंगळवारी बस इथं वीस मिनिटं थांबते. तेवढ्यात त्याला डोंगर शिकवतो. त्या पुस्तकाचा दुसरा भाग असेल तर त्याच्याबरोबर पाठव.

मामाआजोबा